शंका-समाधान : व्हर्च्युअल मशीन सुरू व्हायला इतका वेळ का लागतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून हा संपूर्ण भाग त्यांनाच दिला आहे. चारही वाचकांकडे सेफ ही वितरित साठवण-प्रणाली आहे आणि तिच्यावर ठेवलेल्या डिस्कांवरून केव्हीएम या लिनक्समधल्या व्यवस्थेची व्हर्च्युअल मशिने (व्हीएम), म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे सॉफ्टवेअरचे संगणक, चालतात. ज्यांनी सेफचे नाव प्रथमच ऐकले असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सेज वाइल यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी.साठी केलेल्या कामातून सेफ उभी राहिली आणि २००६ मध्ये तिच्यावरचा मुख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नावाचा ‘सुरक्षित’शी काही संबंध नाही, माकूळ आणि ऑक्टोपस ज्या वर्गात मोडतात त्या सेफॅलोपॉड प्राण्यांवरून ते घेतलेले आहे. सेफमध्ये एका व्हर्च्युअल डिस्कचे ४ एमबीचे तुकडे केले जातात, त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक ऑब्जेक्टच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर राहतात, आणि एकेक प्रत्यक्ष डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रियेला ओएसडी म्हणतात. पुढच्या उत्तरांसाठी एक गोष्ट लक्षात असू द्यावी : लिहिताना तिन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय होकार मिळत नाही, पण वाचन मात्र नेहमीच्या मांडणीत मुख्य प्रत ज्याच्याकडे आहे त्या एकाच ओएसडीकडून होते.

प्रश्न १ : आमच्या कार्यालयात तीन सर्व्हरांचे प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिने सांभाळणारी प्रणाली) क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा समूह, आहे. प्रत्येक सर्व्हरमध्ये मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या चार हार्ड डिस्क, म्हणजे एकूण बारा, आणि मध्ये १० गिगाबिटचे नेटवर्क अशी रचना आहे. पूर्वी व्हीएमची डिस्क सर्व्हरमधल्याच एसएसडीवर होती, तेव्हा लिनक्सचे मशीन अर्ध्या मिनिटात सुरू होत असे. सेफवर हलवल्यापासून तेच मशीन चार मिनिटांहून अधिक वेळ घेते. मशीनच्या आत जाऊन ‘डीडी’ या मजकूर वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञेने मोजले तर वेग सेकंदाला ४०० एमबी दिसतो आणि क्लस्टरची स्थिती ‘हेल्थ ओके’ आहे. मग चूक नेमकी कोठे शोधावी? (पुणे)

उत्तर : आपले पत्र आल्यावर आम्ही आपल्याकडून तीन गोष्टी मागवल्या होत्या : स्क्रीनकडे पाहत, घड्याळ लावून मोजलेला प्रत्येक टप्प्याचा वेळ, मशीन सुरू झाल्यावर, सुरू होण्यातला वेळ कोठे गेला हे सांगणाऱ्या ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ने दिलेले उत्तर, आणि एका वेळी एकच छोटे वाचन अशा पद्धतीने घेतलेले साठवणीचे मोजमाप. ती माहिती आली आणि चार मिनिटांमागे एक नव्हे तर तीन वेगळी कारणे निघाली, त्यांतले सर्वांत मोठे कारण साठवणीशी संबंधितच नव्हते.

हातात घड्याळ घेण्याचा सल्ला काही वाचकांना बालिश वाटेल, परंतु तो टाळता येत नाही. आपले मशीन जुन्या पद्धतीच्या बायोसवर, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, सुरू होते, आणि अशा मशीनमध्ये ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ला कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सुरू होण्याआधीचा काळ दिसतच नाही, त्यामुळे त्याचा आकडा आणि आपल्याला बसलेला चटका यांचा मेळ बसत नाही. आपल्या मोजणीत पहिल्या काळ्या स्क्रीनपासून ग्रबने, म्हणजे कर्नल डिस्कवरून उचलून आणणाऱ्या प्रोग्रामने, रॅमडिस्क (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचे गाठोडे) स्मृतीत चढवून होईपर्यंत ७५ सेकंद, कर्नलला १५ सेकंद आणि त्यानंतरच्या सेवांना २ मिनिटे ३५ सेकंद लागले. या शेवटच्या टप्प्याची फोड ‘ब्लेम’ या उपआज्ञेने केल्यावर नेटवर्क तयार होण्याची वाट पाहणाऱ्या सेवेसमोर बरोबर २ मिनिटे लिहिलेली आढळली. जेव्हा एखादा वेळ असा नेमका ९० किंवा १२० सेकंदांवर थांबतो, तेव्हा तेथे काम चाललेले नसते, कोणाची तरी वाट पाहणे चाललेले असते आणि शेवटी मुदत संपते. एफस्टॅबमध्ये (जोडायच्या डिस्कांच्या यादीत) नोंदलेली पण प्रत्यक्षात नसलेली डिस्क असेल तर ९० सेकंद, आणि नेटवर्कच्या सेवेची मुदत असेल तर १२० सेकंद, हे दोन आकडे ओळखीचे करून ठेवावेत. आपण सेफवर स्थलांतर करतानाच बॅकअपसाठी दुसरे नेटवर्क कार्ड जोडले, त्याला अजून पत्ता मिळत नाही, आणि मशीन प्रत्येक वेळी त्याच्यासाठी दोन मिनिटे ताटकळते. त्या कार्डाच्या फाइलीत ‘रिक्वायर्ड फॉर ऑनलाइन’ या नोंदीपुढे ‘नो’ लिहा. दोन्ही बदल एकाच दिवशी झाल्यामुळे संशय साठवणीवर गेला, हे स्वाभाविक होते.

आता सुरुवातीची ७५ सेकंदे. येथे मात्र साठवणच जबाबदार आहे, पण ‘डीडी’चा आकडा ज्या अर्थाने सांगतो त्या अर्थाने नाही. दप्तरखान्यातून कागद मागवणारा एक कारकून डोळ्यांसमोर आणा. तो एक चिठ्ठी देतो, शिपाई आत जाऊन तो कागद आणतो, कारकून तो वाचतो आणि मगच दुसरी चिठ्ठी लिहितो. दप्तरखान्याचा दरवाजा किती रुंद आहे याला येथे काहीच महत्त्व नाही. एका फेरीला किती वेळ लागतो एवढेच महत्त्वाचे. ग्रब हा असाच कारकून आहे. बायोसमार्फत तो एक तुकडा मागतो, तो येईपर्यंत थांबतो, मग पुढचा मागतो. एकाच वेळी दहा मागण्या पाठवण्याची सोय त्याच्याकडे नाही. ‘डीडी’ने मात्र आपण बहुधा मशीनच्या स्मृतीतल्या कॅशला, म्हणजे आधी वाचलेल्या मजकुराच्या साठ्यालाच, मोजले आहे, आणि ते टाळून मोजले असते तरी लिनक्स स्वतःहून पुढचा भाग आधीच मागवून ठेवतो, त्यामुळे तो आकडा दरवाजाची रुंदीच सांगतो.

आपल्या मशीनमध्ये कर्नल १२ एमबीचा आणि रॅमडिस्क ६४ एमबीची, म्हणजे एकूण ७६ एमबी आहे. ग्रबची अंतर्गत कॅश ३२ केबीच्या तुकड्यांत चालते, तेव्हा हा सगळा ऐवज २,४३२ फेऱ्यांत येतो असे धरू. एका फेरीला ०.२ मिलिसेकंद लागत असेल, जसे पूर्वी आपल्या स्थानिक एसएसडीवर लागत असेल, तर सगळे मिळून अर्धे सेकंद होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कवर नुसती अर्धी फेरी फिरायलाच सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात, त्यात डिस्कचे वाचणारे डोके जागेवर नेण्याचा वेळ मिळवला की १२-१३ मिलिसेकंद होतात. कागद एकापाठोपाठ एक असले तरी हे टळत नाही, कारण दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या काळात इतर मशिनांची वाचने घुसतात आणि डोके पुन्हा दुसरीकडे जाते. त्या हिशेबाने आपल्याला सुमारे ३२ सेकंद लागायला हवे होते. आपण ‘आरबीडी बेंच’ने (आरबीडी म्हणजे सेफवरची व्हर्च्युअल डिस्क) एक धागा, ४ केबी, विखुरलेले वाचन असे मोजून पाठवलेली सरासरी मात्र २८ मिलिसेकंद आहे, आणि २,४३२ ला २८ ने गुणले की ६८ सेकंद येतात, त्यात ग्रबच्या यादीसमोरचे ५ सेकंद आणि बायोसचे दोन सेकंद मिळवले की आपले ७५ जुळतात. (याच आज्ञेने लेखन मोजण्याचा मोह वापरातल्या डिस्कवर करू नये, ती डिस्कवरचा मजकूर पुसत जाते, आणि रिकाम्या डिस्कवर वाचन मोजले तर जे ऑब्जेक्ट अस्तित्वातच नाहीत त्यांचे उत्तर झटकन येते आणि आकडा खोटा सुंदर दिसतो.)

तेरा मिलिसेकंदांच्या जागी अठ्ठावीस कसे झाले, हा येथला खरा प्रश्न आहे. सरासरी हे फार लबाड माप आहे. बारा डिस्कांपैकी अकरा १३ मिलिसेकंदांत उत्तर देत असतील आणि एकच डिस्क २०० मिलिसेकंद घेत असेल, तरी सरासरी साडेअठ्ठावीस निघते. सेफमध्ये प्रत्येक मशीनची डिस्क सर्व ओएसडींवर पसरलेली असल्यामुळे एका आजारी डिस्कचा त्रास एका मशीनला न होता थोडा थोडा सगळ्यांनाच होतो, आणि म्हणूनच कोणाचेही बोट तिच्याकडे जात नाही. ‘हेल्थ ओके’वर विसंबू नका असे म्हणण्याचे कारणही हेच : एखादी मागणी रेंगाळल्याचा इशारा सेफ मूळ मांडणीत ३० सेकंदांनंतर देते. २०० मिलिसेकंद तर सोडाच, दोन-दोन सेकंद घेणारी डिस्कही त्या इशाऱ्याच्या चाळणीतून निसटते. प्रत्येक सर्व्हरवर डिस्कांचे काम मोजणारी ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा विस्तृत स्वरूपात चालवून वाचनाच्या सरासरी प्रतीक्षेचा स्तंभ बारा डिस्कांसाठी शेजारी शेजारी मांडा. एक आकडा इतरांपेक्षा दसपट दिसला की त्या डिस्कची स्मार्ट-माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहा. वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेल्या सेक्टरांची नोंद, म्हणजे क्रमांक १९७, शून्याहून अधिक असेल तर फार विचार करण्याचे कारण नाही. आपल्या क्लस्टरमध्ये दुसऱ्या सर्व्हरमधील तिसरी डिस्क अशी निघाली.

संशय पक्का करण्यासाठी डिस्क काढण्याचीही गरज नसते, आणि ही युक्ती फारशी वापरली जात नाही याचे मला नेहमी नवल वाटते. त्या ओएसडीची ‘प्रायमरी अ‍ॅफिनिटी’ शून्य करा. असे केल्यावर, दुसरी प्रत उपलब्ध असेपर्यंत, तो कोणत्याही ऑब्जेक्टचा मुख्य धनी राहत नाही, वाचने उरलेल्या दोन प्रतींकडे जातात आणि एक बाइटही इकडून तिकडे हलवावा लागत नाही. मग मशीन पुन्हा सुरू करून मोजा. वेळ निम्मा झाला तर निदान पक्के, नाहीतर मूल्य पुन्हा एक करून पुढे जा. लेखने मात्र या डिस्ककडे जातच राहतात, म्हणून हा उपाय चाचणीपुरता आणि नवी डिस्क येईपर्यंतचा समजावा.

आपण दुसऱ्या पत्रात विचारले आहे, की एकाच साच्यातून पूर्ण प्रत काढलेली दोन मशिने वेगवेगळा वेळ का घेतात. त्याचेही उत्तर याच डिस्कमध्ये आहे. ७६ एमबी म्हणजे जेमतेम १९ ऑब्जेक्ट. एका मशीनचा त्यांतला एकच ऑब्जेक्ट आजारी डिस्ककडे पडला, दुसऱ्याचे तीन पडले, आणि एका ऑब्जेक्टला १२८ फेऱ्या म्हणजे २५ सेकंद. निव्वळ नशिबाचा भाग.

डिस्क बदलल्यावरही ३०-३२ सेकंद उरतील, आणि ते कमी करण्याची सोय सेफमध्येच आहे, पण आपल्या मांडणीत ती बंद आहे. सेफच्या ग्राहक-ग्रंथालयात, म्हणजे लिबआरबीडीमध्ये, पुढचा भाग आधीच वाचून ठेवणारी रीड-अहेडची व्यवस्था मुद्दाम ग्रबसारख्या अडाणी वाचकांसाठी केलेली आहे : सलग दहा मागण्या ओळीने आल्या की ती ५१२ केबीपर्यंतचा पुढचा भाग आधीच मागवते. मात्र ही व्यवस्था आरबीडी कॅशच्या आधाराने चालते, आणि केव्हीएमची मशिने प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये डिस्कची कॅश ‘नन’ ठेवली की आरबीडी कॅश बंद होते आणि तिच्याबरोबर रीड-अहेडही. प्रॉक्समॉक्समध्ये काही न निवडल्यास हीच ‘नो कॅश’ स्थिती असते. ती ‘राइट बॅक’ करा, म्हणजे लेखनही आधी कॅशमध्ये जमा होईल. यात धोका किती, हा प्रश्न रास्त आहे. मशीनने फ्लश, म्हणजे जमलेले सगळे डिस्कवर लिहून टाकण्याची मागणी, केल्याशिवाय काही मजकूर होस्टच्या स्मृतीत राहू शकतो आणि होस्ट अचानक बंद पडला तर तो जातो. पण फ्लश पाळला जातो, म्हणून फ्लश योग्य वेळी करणाऱ्या आजच्या फाइल-प्रणाली आणि डेटाबेस यांच्या सुसंगतीला धक्का लागत नाही. शिवाय मशीनकडून पहिला फ्लश येईपर्यंत सेफ स्वतःहून राइट-थ्रू पद्धतीनेच, म्हणजे प्रत्येक लेखन थेट डिस्कवर पोहोचवत, वागते, त्यामुळे फ्लश न जाणणारी जुनी कार्यप्रणालीही सुरक्षित राहते.

आणखी एक बारकावा आपल्या बाबतीत नेमका आडवा येतो. एखाद्या डिस्कवरून ५० एमबी वाचून झाले की, आता मशीनची कार्यप्रणाली जागी झाली असेल आणि पुढचे ती पाहून घेईल असे मानून, लिबआरबीडी रीड-अहेड बंद करते. आपला ऐवज ७६ एमबीचा. म्हणजे शेवटचे २६ एमबी, म्हणजेच ८३२ फेऱ्या, पुन्हा जुन्याच चालीने होतात आणि त्यातच अकरा सेकंद जातात. होस्टवरच्या सेफच्या मांडणीत ‘आरबीडी रीड-अहेड डिसेबल आफ्टर बाइट्स’ हे मूल्य वाढवून १२८ एमबी करा. किंवा त्याहून सरळ म्हणजे रॅमडिस्कच लहान करा. डेबियन-उबुंटूमध्ये सगळ्या जगातली ड्रायव्हरे न भरता या मशीनला लागतील तेवढीच भरण्याची निवड करता येते, आणि व्हर्च्युअल मशीनला लागतात ती मोजकीच.

आपल्या तिसऱ्या पत्रानुसार हे सर्व केल्यावर एकूण वेळ ५० सेकंदांच्या आत आला आहे. पूर्वीचे अर्धे मिनिट हार्ड डिस्कांवर परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ओएसडीचा मेटाडेटा एसएसडीवर हलवण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला असल्यास त्याने लेखनाला मोठा आणि वाचनाला थोडाच फायदा होईल, कारण प्रत्यक्ष मजकूर फिरत्या तबकडीवरच राहतो.

प्रश्न २ : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी एकाच आदर्श डिस्कवरून काढलेली ४० लिंक्ड क्लोन मशिने आम्ही सकाळी ९ वाजता एकदम सुरू करतो. एकटे मशीन २५ सेकंदांत सुरू होते, पण सगळी मिळून दहा-बारा मिनिटे घेतात. विद्यार्थ्यांनी केलेले बदल राहू नयेत म्हणून रोज रात्री जुनी क्लोन काढून नवी तयार करतो. आदर्श डिस्कवरचा ताण कमी कसा करावा? (नाशिक)

उत्तर : आपण वाचनाच्या ताणाबद्दल विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. आधी वाचनाचे पाहू. चाळीसही मशिने तोच मजकूर वाचत असतात, म्हणून तो प्रत्येक ओएसडीने एकदा डिस्कवरून आणि उरलेल्या ३९ वेळा स्मृतीतून द्यायला हवा. एका ओएसडीला स्मृतीचे मूळ लक्ष्य ४ जीबीचे असते. कमी स्मृतीच्या सर्व्हरांत ते खाली आणलेले असेल तर ते प्रथम तपासा. सकाळी ९ वाजता ‘आयओस्टॅट’मध्ये वाचन कमी आणि लेखन प्रचंड दिसले, तर वाचनाचा ताण हे कारण नव्हे, आणि आपण पाठवलेल्या पानांत तसेच दिसते आहे.

लिंक्ड क्लोन जन्मतः रिकामे असते. एखादा ऑब्जेक्ट त्यात नसेल तर तो आदर्श डिस्कवरून वाचला जातो. पण त्या ऑब्जेक्टमध्ये मशीनने पहिल्यांदा काही लिहिले, मग ते ४ केबी का असेना, की आदर्श डिस्कवरचा संपूर्ण ४ एमबीचा ऑब्जेक्ट आधी क्लोनमध्ये उतरवून घ्यावा लागतो आणि तो तीन प्रतींत लिहावा लागतो. सुरू होताना मशीन लॉग लिहिते, तात्पुरत्या फाइली बनवते, सेवांच्या नोंदी बदलते. ही लेखने डिस्कभर विखुरलेली असतात. समजा एका मशीनने १५० वेगवेगळ्या ऑब्जेक्टांना असा हात लावला, तर ६०० एमबी उतरतात, तीन प्रतींचे १,८०० एमबी होतात आणि चाळीस मशिनांचे मिळून सुमारे ७० जीबी. ही किंमत प्रत्येक क्लोनने आयुष्यात एकदाच भरायची असते. आपण मात्र रोज रात्री क्लोन नवे करता, म्हणून ती रोज सकाळी, आणि नेमकी वर्ग भरण्याच्या वेळी, पुन्हा भरता.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करता येतील. पहिला, क्लोन तयार झाल्यावर पहाटेच दोन-दोन मिनिटांच्या अंतराने चार-चार मशिने सुरू करून ठेवा. वीस मिनिटांत काम होते आणि ९ वाजता ती आधीच जागी असतात. दुसरा, आदर्श डिस्कवरून क्लोन न केलेली एक छोटी, पूर्ण रिकामी डिस्क प्रत्येक मशीनला द्या आणि लॉग, तात्पुरत्या फाइली व स्वॅप तिच्यावर वळवा. रिकाम्या डिस्कला आईबाप नसल्यामुळे तेथे लिहिताना काहीच उतरवून घ्यावे लागत नाही. बदल पुसण्यासाठी क्लोन टाकून देण्याऐवजी स्नॅपशॉटवर (डिस्कच्या आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवर) मागे जावे असे काहींना सुचेल; पण सेफमध्ये रोलबॅक हा मजकूर परत लिहिण्याचा प्रकार आहे, तो नव्या क्लोनपेक्षा संथच पडतो, तेव्हा त्या वाटेने जाऊ नये.

आदर्श डिस्क आणि क्लोन एकाच पूलमध्ये, म्हणजे सेफच्या साठवणीच्या एकाच कप्प्यात, असण्याची सक्ती नाही. आपल्याकडे थोड्या एसएसडी असतील तर आदर्श डिस्क तेवढी त्यांच्या पूलमध्ये ठेवा. क्लोनवर, कोणते ऑब्जेक्ट त्यात आहेत याची नोंद ठेवणारी ‘ऑब्जेक्ट मॅप’ ही सुविधा चालू आहे ना, तेही पाहावे. ती नसेल तर प्रत्येक वाचनासाठी आधी क्लोनकडे जाऊन ‘नाही’ ऐकून मग आदर्श डिस्ककडे जावे लागते, म्हणजे एका फेरीच्या दोन होतात. क्लोनवरून पुन्हा क्लोन अशा पिढ्या वाढवल्या असतील तर फेऱ्याही तशाच वाढतात. सेफच्या ‘ऑक्टोपस’ नावाच्या आवृत्तीपासून वाचने तिन्ही प्रतींत वाटून घेण्याचे धोरण निर्धास्तपणे वापरता येते, परंतु आपल्या दुखण्याचे मूळ तेथे नाही.

प्रश्न ३ : वीज गेल्यामुळे चारपैकी एक सर्व्हर बंद पडला. त्यावरची मशिने दुसऱ्या सर्व्हरवर सुरू केली, तेव्हा ती अर्धा मिनिट नुसती थांबली आणि दोन मशिने सुरूच झाली नाहीत. शिवाय दहा मिनिटांनी सगळेच मंद झाले. तिन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या का? (कोल्हापूर)

उत्तर : कारणे तीन आहेत. मेलेल्या सर्व्हरकडे त्याच्यावरच्या मशिनांच्या डिस्कांचे, एका वेळी एकालाच लिहू देणारे कुलूप होते, आणि तो खरोखर गेला की नुसता गप्प बसला आहे हे ठरवण्यासाठी सेफ मूळ मांडणीत ३० सेकंद थांबते. हा थांबा योग्यच आहे, त्याला हात लावू नये. दोन सर्व्हरांनी एकच डिस्क एकाच वेळी लिहिली तर जे होते ते निस्तरायला अर्ध्या मिनिटापेक्षा फार जास्त काळ लागतो.

त्यानंतर नवा ग्राहक, म्हणजे मशीन आता जेथे सुरू होते तो सर्व्हर, जुन्या ग्राहकाला काळ्या यादीत टाकून कुलूप तोडतो. ज्या सेफ-वापरकर्त्याच्या नावाने आपली ती दोन मशिने चालतात, त्याला हा अधिकार नसावा. जुन्या काळी हाताने लिहून दिलेल्या परवानग्यांत तो राहून गेलेला असतो, आणि सर्व्हर मरेपर्यंत कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. मॉनिटरवरच्या, म्हणजे क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या प्रक्रियेवरच्या, परवानगीत ‘प्रोफाइल आरबीडी’ हा तयार संच द्या.

दहा मिनिटांनंतरचा मंदपणा हा पुनर्रचनेचा. ओएसडी बंद पडल्यावर ६०० सेकंद वाट पाहून सेफ त्याला कायमचा गेलेला मानते आणि त्याच्याकडच्या प्रती इतरत्र तयार करू लागते. सर्व्हर लगेच परत येणार हे आपल्याला ठाऊक असेल तर ‘नो आउट’ हा ध्वज लावून ठेवावा आणि काम झाल्यावर तो आठवणीने काढावा. सर्वच सर्व्हर बंद पडून परत आले असतील तर त्यांची घड्याळेही पाहावीत, कारण मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाहून अधिक फरक पडला की सेफ कुरकुर करू लागते आणि बॅटरी संपलेल्या जुन्या मदरबोर्डांवर तो फरक तासांचाही असू शकतो.

प्रश्न ४ : मशिने लवकर सुरू व्हावीत म्हणून १० गिगाबिटचा स्विच काढून २५ गिगाबिटचा घ्यावा का? आमच्याकडे सर्व डिस्क एनव्हीएमई (वेगवान जातीच्या एसएसडी) आहेत, तरीही अधूनमधून एखादे मशीन सुरू होताना दोन-तीन सेकंद अडखळते. (ठाणे)

उत्तर : या कारणासाठी घेऊ नये. ३२ केबीचा एक तुकडा १० गिगाबिटच्या तारेवरून जायला २६ मायक्रोसेकंद लागतात आणि २५ गिगाबिटवर साडेदहा. म्हणजे एका फेरीमागे सुमारे १६ मायक्रोसेकंद वाचले. अडीच हजार फेऱ्यांचे मिळून ते ४० मिलिसेकंद होतात, आणि डोळ्यांना तेवढा फरक कळत नाही. आपल्या डिस्कांवर एका फेरीचा मोठा हिस्सा तारेवर नव्हे तर प्रोसेसरमध्ये जातो. काम नसताना प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेत जातो आणि एकेक वाचन येताना त्याला प्रत्येक वेळी उठावे लागते. गंमत म्हणजे क्लस्टर जितका रिकामा, तितका हा त्रास अधिक. ओएसडी चालवणाऱ्या सर्व्हरांवर ‘ट्यून्ड’ या कामगिरी जुळवणाऱ्या सेवेचा कमी विलंबाचा आराखडा लावून एकदा मोजा, विजेचे बिल थोडे वाढेल, ते हिशेबात धरा.

अडखळण्याचे लक्षण मात्र वेगळे आहे आणि ते नेटवर्कचेच असू शकते, फक्त रुंदीचे नव्हे. एखादे पॅकेट हरवले तर लिनक्समध्ये ते पुन्हा पाठवण्याची मुदत किमान २०० मिलिसेकंदांची असते, आणि एरवी अर्ध्या मिलिसेकंदात होणारी फेरी चारशेपट लांबते. अशी दहा-पंधरा पॅकेटे हरवली की आपले दोन-तीन सेकंद भरले. दोन तारा जोडून एक केलेल्या मांडणीत एकच तार सदोष असेल तर काही जोडण्यांनाच त्रास होतो आणि काही मशिने नेहमी सुखरूप राहतात. प्रत्येक सर्व्हरवर ‘ईथटूल’ने कार्डाच्या चुकांचे मोजक पाहा, मशीन सुरू करा आणि पुन्हा पाहा, वाढलेला मोजक ज्या तारेचा, तीच तार. मोठ्या फ्रेमी, म्हणजे ९,००० बाइटपर्यंतची पॅकेटे, वापरत असाल तर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर ८,९७२ बाइटचा पिंग, तुकडे करण्यास मनाई करून, प्रत्येक जोडीमध्ये पाठवून पाहा. स्विचच्या एखाद्या पोर्टवर ९,००० ची मर्यादा टाकायची राहून गेलेली असते. अशा वेळी छोटी वाचने सुरळीत जातात, मोठी अडकतात आणि दोष मात्र डिस्कांवर येतो. तार किंवा एसएफपी (तारेच्या टोकाचा जोड) बदलण्याचा खर्च नव्या स्विचच्या तुलनेत नगण्य आहे, म्हणून आधी तेवढे करून पाहा आणि मोजकांचे आकडे पुढच्या पत्रात कळवा.